पैकी धनगरवाडा: तीसेक उंबरे, एक ओढा आणि बंद पडलेली मुक्कामी गाडी

२०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आमच्या गावाच्या ओळीत बससेवा "आहे" आणि पक्का रस्ता पण "आहे". दोन्ही खरं आहे, चावडीसमोर डांबरी रोड आहे आणि एसटी तिथंच येऊन वळते. पण त्याच ओळीतल्या लोकसंख्येत जो धनगरवाडा धरलाय तो चावडीपासून चारेक किलोमीटर वर डोंगरात आहे, मधे ओढा आहे, ओढ्यावर पूल नाही, आणि वाड्यातल्या एकाही घराच्या दारात आजवर चारचाकी गेलेली नाही. म्हणजे कागदावर ही माणसं बस असलेल्या गावात राहतात. हे प्रकरण त्याच वाड्याचं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा वस्तीत एक नाव लिहिलं की घर, माणूस, कुणाची लेक कुठल्या कॉलेजात जाते सगळंच ओळखू येतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा, सह्याद्रीला चिकटलेला भाग एवढं पुरे. वाडा आमच्याच ग्रामपंचायतीत आहे, मी पायथ्याच्या गावचा, आणि गेली काही वर्षं वाड्याच्या रस्त्याचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आहे.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे ऊस, पंचगंगा आणि तांबडा-पांढरा. पूर्वेकडं ते बरोबरच आहे, एकट्या इचलकरंजीत २०११ ला पावणेतीन लाखांच्या वर माणसं होती. त्याच वर्षी अख्ख्या गगनबावडा तालुक्यात साधारण पस्तीस हजार. पश्चिमेचा सगळा पट्टा असाच, जंगल, बेसुमार पाऊस, आणि डोंगराच्या सोंडेवर, पठारावर गवळी धनगरांचे वाडे. म्हशी, गाई, थोडा भात, थोडी नाचणी. यातले बहुतेक वाडे महसुली दप्तरात स्वतंत्र गाव नाहीत, "मौजे अमुक पैकी धनगरवाडा" असंच लिहिलं जातं, आणि पुढचा सगळा घोळ त्या "पैकी"तनंच सुरू होतो.

मोजणीत वाडा कुठं गेला

जनगणना ग्रामीण भागात आकडे छापते ते महसुली गावाचे. प्रत्येक महसुली गावाला कोड नंबर असतो, एक ओळ असते, त्या ओळीत माणसं किती, घरं किती, शाळा, दवाखाना, पोस्ट, बस, रस्ता. एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे ते तीन गटांत लिहितात, पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, आणि दहाच्या पुढं. आता गंमत नाही तर खरंच वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की ज्या महसुली गावात आज एकही माणूस राहत नाही, जुनी बेचिराख गावं, त्यांना पण या यादीत स्वतःचा कोड आहे, स्वतःची ओळ आहे. आणि जिथं चूल पेटते, पोरं जन्मतात, त्या वाड्याला ओळ नाही.

याचा अर्थ गणक वाड्यावर गेलाच नाही असा नाही. गणकाला गटाचा नजरी नकाशा काढावा लागतो, त्यात वाडा असतो, घरांना नंबर पडतात. म्हणजे माहिती गोळा होते, पण छापताना ती आईगावात मिसळून जाते आणि नंतर कुणाला वेगळी काढता येत नाही. आमचं गाव वाड्यासकट बाराशे-पंधराशेच्या घरातलं, त्यात वाड्याची माणसं दोनशेच्या आसपास. सरासरी काढली तर गावाची स्थिती चांगलीच दिसणार.

मग वाड्याची खरी लोकसंख्या काढायची कशी, हा पहिला प्रश्न आमच्यापुढं आला, कारण रस्त्याच्या कुठल्याही फाइलीत पहिला रकाना लोकसंख्येचा असतो. आम्ही चार ठिकाणचे कागद एकत्र केले. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंद, त्यातनं घरं कळली. आशाताईंचं कुटुंबांचं रजिस्टर, जे मला विचाराल तर गावातला सगळ्यात विश्वासू कागद, कारण त्या प्रत्येक उंबऱ्यावर पायी जातात. मतदार यादीतला वाड्याचा भाग. आणि अंगणवाडी आणि शाळेचा पट. चारही जुळवून बघितल्यावर एकही आकडा दुसऱ्याशी तंतोतंत जमेना, आणि का जमेना हे शोधताना खरी गोष्ट हाताला लागली.

वाड्यात कोण राहतं हे महिन्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात भात-नाचणीच्या लावणीला सगळे असतात. दिवाळी झाली, साखर कारखान्यांचा हंगाम लागला की बरीच कुटुंबं ऊसतोडीला खाली उतरतात, तरणी पोरं कोल्हापूरच्या एमआयडीसीत नाहीतर मुंबईला. आणि २०११ ची गणना कधी झाली, तर ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा की त्या सबंध काळात माणूस जिथं असेल तिथं तो मोजायचा. नियमात चूक काहीच नाही, बर्फाचे भाग सोडले तर देशभर एकच तारीख लागणारच. पण वाड्यातल्या ज्या घरांना त्या वेळी कडी होती ती माणसं करवीर, कागल, शिरोळकडच्या कुठल्यातरी खोपीवर मोजली गेली असतील, आणि इथला आकडा तेवढ्यानं बारीक झाला. ऊस संपल्यावर तीच माणसं परत वर आली, ओढा ओलांडूनच आली.

रस्ता माणसं बघून देतात

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाट भागात ५०० च्या वर वस्ती असेल तर बारमाही रस्ता, आणि डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग, पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांना २५०. आमचा भाग यातल्या कशातच नाही. महाराष्ट्र डोंगरी राज्य नाही, कोल्हापूर पाचव्या अनुसूचीत नाही, आणि गवळी धनगर भटक्या जमातीत येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. राज्य सरकारच्या डोंगरी विकास कार्यक्रमात आपले पश्चिमेचे तालुके डोंगरी आहेत, केंद्राच्या रस्त्याच्या निकषाला मात्र आम्हाला पाचशेचाच आकडा लागतो. वरती उभा चढ आहे, पाऊस आहे, जंगल आहे, तरी आकडा सपाटीचा. योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, त्यातही २०११ चीच लोकसंख्या धरायची आहे, कारण त्यानंतरची जनगणनाच झाली नाही.

या योजनेत एक चांगली तरतूद आहे जी आमच्याकडं फार कमी लोकांना माहीत होती. जवळजवळच्या वस्त्या एकत्र धरून लोकसंख्या मोजता येते, साधारण ५०० मीटरच्या परिघातल्या, आणि डोंगरात पायवाटेनं दीड किलोमीटरच्या आतल्या. आमच्या वाड्याचे पण खालचा, मधला आणि वरचा असे तीन पुंजके आहेत आणि सोंडेवरनं पुढं गेलं की शेजारच्या गावचा अजून एक वाडा लागतो. चारही धरले तरी पाचशे होत नाहीत. पण अडीचशेच्या पुढं नक्की जातात. म्हणजे डोंगरी निकष लागला असता तर बसलो असतो. मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं कारण लोकांना वाटतं वाड्याला रस्ता नाही तो पुढाऱ्यांच्या आळसानं. तो भाग असेलही थोडा, पण मूळ अडचण निकषात आहे आणि ती कुणीतरी आकड्यानिशी मांडल्याशिवाय सुटणार नाही.

लोकसंख्येचा हाच हिशेब बाकी सगळीकडं पण लागतो. आरोग्य उपकेंद्र सपाटीला ५,००० माणसांमागं एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागं एक. आशाताई हजारामागं एक. शाळेला पट लागतो. आता वाड्यातली दोन-तीन घरं पोरींच्या शाळेसाठी पायथ्याला भाड्यानं राहायला आली, त्यामुळं वरच्या शाळेचा पट घसरला, पट घसरला म्हणून शाळा राहते का जाते अशी चर्चा सुरू झाली, ती चर्चा ऐकून अजून एक घर खाली आलं. रस्ता नाही म्हणून माणसं कमी होतात आणि माणसं कमी म्हणून रस्ता मिळत नाही. लग्नाचं तर विचारूच नका. पोरगा चांगला कमावता असला तरी "वाड्यावर लेक द्यायची न्हाई" म्हणून स्थळं परत जातात.

ओढा

नकाशावर बघितलं तर चार किलोमीटर. पण या चार किलोमीटरचे दोन वेगळे भाग आहेत. चावडीपासून ओढ्यापर्यंत जुनी पाणंद आहे, तिचं मुरमीकरण झालंय, जीप, ट्रॅक्टर, मोटरसायकल आठ महिने आरामात जाते. ओढ्याच्या पलीकडं चढ आहे, जंगल आहे आणि फक्त पायवाट. उन्हाळ्यात ओढा पायाचा घोटासुद्धा भिजवत नाही. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तो छातीपर्यंत येतो, वरती ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तासाभरात चढतो, आणि दोन दिवस उतरत नाही. वाड्यातले लोक दरवर्षी बांबू आणि वेलींचा साकव बांधतात, दरवर्षी तो एकदा तरी वाहून जातो, परत बांधतात.

दूध हा वाड्याचा रोजचा पैसा. सकाळ-संध्याकाळ किटल्या, कॅन डोक्यावर नाहीतर खांद्यावर घेऊन खाली यायचं, गावातल्या डेअरीची वेळ गाठायची. ओढा चढला की दूध वरच राहतं, मग तूप करायचं, खवा करायचा, उरलेलं वासरांना. जिल्ह्यात दुधाचं एवढं मोठं जाळं आहे, गावोगावी संस्था आहेत, टँकर आहेत, पण ते जाळं ओढ्याच्या अलीकडं संपतं. पावसाळ्यात नेमकं हिरव्या चाऱ्यानं दूध वाढतं आणि नेमकं तेव्हाच ते विकता येत नाही. एक आज्जी मला म्हणाल्या, "बाळा, म्हस देती, पर वड्याला कोण सांगायचं?" त्यांना रस्त्यापेक्षा आधी साकव पाहिजे होता, लोखंडी, वाहून न जाणारा. हे मी लिहून घेतलं आणि पुढं आमच्या मागणीचा क्रमच त्यानं बदलला.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना ठाऊकच आहे. १०८ ची अँब्युलन्स ओढ्यापर्यंत येते, चांगले लोक आहेत, थांबतात. ओढ्यापर्यंत पेशंट आणायचा म्हणजे घोंगड्याची झोळी, मधे बांबू, आळीपाळीनं खांदा. दिवस भरत आलेल्या बायका महिनाभर आधीच पायथ्याला नातलगाकडं येऊन राहतात, म्हणजे त्या महिन्यात वरची जनावरं, धाकटी पोरं सगळं सासूवर. कोल्हापुरातल्या सीपीआरपर्यंत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंत, जायची वेळ आली तर डांबरी रस्त्याला लागल्यावर दोन तासांचं काम, पण डांबरी रस्त्याला लागायलाच दोन-अडीच तास जातात.

मुक्कामी गाडी

वाड्याच्या वाहतुकीचा निम्मा प्रश्न वाड्यात नाही, खालच्या एसटी थांब्यावर आहे, आणि हा भाग अर्ज करणारे नेहमी विसरतात.

आमच्या गावाला पूर्वी मुक्कामी एसटी होती. संध्याकाळी यायची, चालक-वाहक मंदिराच्या ओवरीत झोपायचे, पहाटे सहाच्या सुमाराला निघायची. वाड्यातली पोरं-पोरी पाचला बॅटरी घेऊन उतरायची आणि ती गाडी पकडायची, त्यामुळं तालुक्याचं सकाळचं कॉलेज जमायचं, शहरात कामाला जाणाऱ्यांना वेळेत पोचता यायचं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आणि संप मिटल्यावर बाकी फेऱ्या हळूहळू आल्या पण मुक्कामी आली नाही. विचारलं तर सांगितलं भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, गाड्या कमी आहेत. आता पहिली गाडी सकाळी नऊच्या पुढं येते आणि शेवटची परतीची दुपार कलल्यावर जाते.

भारमानाचा हिशेब मला समजतो. शेवटच्या फाट्यापासून आमच्या गावापर्यंत गाडी निम्मी रिकामी असते, डिझेल तेवढंच जळतं. पण त्यात एक गोष्ट धरली जात नाही, गाडी रिकामी असते कारण वेळ चुकीची आहे. नऊची गाडी तालुक्याला पोचेपर्यंत सकाळचं कॉलेज सुटायच्या बेतात असतं, मग त्या गाडीनं कोण जाणार? जो जाणारा आहे तो वडापला, म्हणजे खासगी जीपला, फाट्यावर उभा राहतो. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, बाजारादिवशी लगेच भरतं, बाकी दिवशी तासभर. आणि रात्रीची स्पेशल गाडी करायची तर वाड्यातल्या माणसाची दोन दिवसांची मजुरी गेली.

सवलती आल्यात त्या चांगल्याच आहेत. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, शाळा-कॉलेजच्या पोरींना बारावीपर्यंत पास मोफत. वाड्यातल्या अकरावीच्या पोरीकडं पास आहे, तो तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय, पण तिच्या कॉलेजच्या वेळेला गाडीच नाही, त्यामुळं ती मावशीकडं राहते. तिच्या आईनं शांतपणे सांगितलं, "पास काय, दिलाय की त्यांनी. गाडी तेवढी सकाळची द्या म्हणावं." याच्याइतकी नेमकी मागणी आमच्या कुठल्याच अर्जात नव्हती.

आम्ही काय मागितलं आणि का

सुरुवातीच्या सगळ्या अर्जांत "धनगरवाड्यास डांबरी रस्ता व एसटी सुरू करणे" एवढंच असायचं, वर्षानुवर्षं, सगळे सरपंच तेच लिहीत आले. माझं स्पष्ट मत आहे की वाड्यापर्यंत एसटी ही मागणी सध्या सोडावी. अकरा-बारा मीटरची गाडी त्या चढाला वळणार नाही, वळायला जागा करायची तर जंगल तोडावं लागेल, आणि दोनशे माणसांसाठी ती फेरी पुढच्याच वर्षी बंद होईल. त्यापेक्षा ओढ्यावर पक्का साकव, ओढ्यापर्यंतची पाणंद बारमाही, आणि खालच्या गावात मुक्कामी गाडी परत. या तीन गोष्टी झाल्या तर वाड्यातलं पोर पावसाळ्यातसुद्धा तासाभरात थांब्यावर पोचतं आणि तिथं त्याच्यासाठी गाडी उभी असते.

यावर वाड्यात एकमत नाही आणि ते लपवायचं कारण नाही. काही तरण्यांचं म्हणणं, साकव घेतला की सरकार म्हणणार झालं तुमचं काम, रस्ता कायमचा गेला. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. दुसरा एक गट म्हणतो आम्हाला पायथ्याला गावठाणात जागा द्या, आम्ही खालीच येतो. पण ज्यांच्या वीस-वीस म्हशी आहेत त्यांना खाली चराई कुठली? खाली आले की म्हशी विकाव्या लागणार आणि मग ऊसतोडीशिवाय काही उरत नाही. बैठकीत एक मामा उठून म्हणाले, "पोरांनो, तुमी खाली जावा, आमी न्हाई म्हणत न्हाई. पर वर हाय त्याला वड्यात सोडून जाऊ नगा." त्यानंतर ठरलं की साकवाच्या अर्जातच लिहायचं, हा रस्त्याचा पहिला टप्पा आहे, रस्त्याच्या बदल्यात नाही. ते वाक्य ठरावात शब्दशः घातलंय.

रस्त्याची मागणी मग कशात बसवायची? केंद्राच्या योजनेत नाही, पण त्या योजनेबाहेर राहिलेल्या ग्रामीण रस्त्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहे, २०१५ पासून. तिथं जायला आधी त्या वाटेला ग्रामीण मार्ग म्हणून नंबर पडला पाहिजे. नंबर नसलेली वाट सरकारच्या लेखी वाटच नसते. म्हणून जिल्हा परिषदेकडं आधी नंबराचा प्रस्ताव.

आणि ओढ्यापलीकडची जमीन जंगलाची. इथं वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) आमच्या उपयोगाचं आहे. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, विजेची लाइन, रस्ता अशा तेरा सोयींसाठी दर कामाला एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. असं बसलं तर वनसंवर्धन कायद्याखालची लांबलचक परवानगी लागत नाही. आम्ही मोबाइलच्या जीपीएसवर वाट मोजली, जंगलातला भाग सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. सहा मीटर रुंदी धरली तर एक हेक्टरमधे सोळाशे मीटरच्या वर लांबी बसते. म्हणजे आमचा रस्ता बसतो, आणि मोठी झाडं वाचवत वळण घेतलं तरी बसतो. आमच्या भागातल्या किती वाड्यांचे रस्ते "जंगल आहे, होत नाही" या एका वाक्यावर थांबलेत, आणि कुणी टेप लावून बघितलेलंच नाही. जिथं अभयारण्याची हद्द आहे तिथं मात्र हे एवढं सोपं नाही, तिथं वन्यजीव मंडळाकडं जावं लागतं, आमचा वाडा हद्दीबाहेर आहे म्हणून हे जमतंय.

आज घडीला साकवाचा प्रस्ताव अंदाजपत्रकाच्या पायरीवर आहे, मार्गाच्या नंबराचा ठराव गेलाय, कलम ३(२) ची शिफारस ग्रामसभेत मंजूर झालीय आणि अर्ज वनखात्याकडं द्यायचाय. मुक्कामी गाडीसाठी गावानं चालक-वाहकांना झोपायला समाजमंदिराची खोली आणि संडास दुरुस्त करून दिलाय, आणि अर्जासोबत फक्त सह्या न देता सकाळी साडेसहाच्या आत जाणाऱ्या प्रत्येकाची यादी जोडलीय, कोण, कुठं, कुठल्या दिवशी, पास कुठला. त्यात आजूबाजूच्या दोन वाड्यांची नावं पण आहेत, कारण त्यांचाही थांबा तोच.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, घरयादी त्याच्या आधी, २०२६ मधे. माणसांची मोजणी परत फेब्रुवारीतच येणार, परत ऊसतोडीतच. म्हणून वाड्याची स्वतःची यादी आम्ही दोनदा करणार आहोत, एकदा लावणीच्या वेळी आणि एकदा हंगामात, दोन्हीवर आशाताई आणि ग्रामसेवकांची सही घेऊन. घरयादी आणि मोजणी, दोन्ही वेळी गणकाबरोबर वाड्यातलं एक माणूस तिन्ही पुंजके दाखवायला जाईल, कडी असलेल्या घरासमोर पण थांबेल आणि हे घर रिकामं नाही, माणसं तोडीला गेलीत हे सांगेल. त्या कामाला वाड्यातनंच दोघांची नावं ठरलीत, त्यातली एक ती मावशीकडं राहणारी पोरगी आहे.